रंगारणीचा शेवटचा भाग

ये बाई, अशी जवळ बस. ती कानात खुपसलेली मोबाईलची बटणं काढ आधी. दिवाळीला चार दिवस येतेस, त्यातले तीन दिवस त्या मोबाईलवरच्या कोरियन मंडळींसोबत काढतेस, मग आजीच्या वाट्याला उरतं काय? काल तर जेवता जेवता डोळे पुसलेस. मी म्हटलं वरणात तिखट जास्त पडलं की काय. मग कळलं, तुझा कोणतरी हिरो आजारी पडलाय. रागवत नाही गं. मला त्याचा हक्कच नाही. तुला वाटतं हे कोरियाचं खूळ तुमच्या पिढीनं आणलं. आमच्या वडवणीत ते तुझ्या जन्माआधी येऊन गेलंय, आणि त्याच्या नादानं मी तुझ्या आत्याआजीचं होऊ घातलेलं लग्न मोडायच्या काठावर नेऊन ठेवलं होतं. तू दोन दिवसांनी पुण्याला जाशील, म्हणून वहीत लिहून ठेवते. बोलल्यासारखंच लिहीन, दुसरं मला येत नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन दुकानातल्या रद्दीचं.

तेव्हा तुझा बाप बीडला क्लासला राहत होता. घरात आम्ही चौघं. तुझे आजोबा, मी, माझ्या सासूबाई, म्हणजे आम्ही ज्यांना आत्याबाई म्हणायचो त्या, आणि माझी धाकटी नणंद, वन्सं, म्हणजे तुझी आत्याआजी. किराणा दुकान पुढं, घर मागं. वन्संचं लग्न होऊन तीन वर्षं झाली आणि त्यांच्या मालकाची मोटारसायकल ट्रकखाली गेली. लेकरूबाळ नव्हतं. सासरच्यांनी तेरावा झाल्यावर पेटी आणून दुकानाच्या पायरीवर ठेवली, पाणीसुद्धा न पिता गेले. तेव्हा वन्सं सत्तावीस वर्षांच्या. मागच्या खोलीत शिलाईचं मशीन घेऊन बसायच्या. हळदीकुंकवाला बाया आल्या की मशीनचा आवाज बंद व्हायचा आणि बाया गेल्या की परत सुरू. 

आपल्या समाजात विधवेचं दुसरं लग्न होत नाही असं नाही. होतं, देवळात, चार माणसांत. पण आत्याबाईंसमोर तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. त्या स्वतः तेहतिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पदरात चार लेकरं, वन्सं तर अंगावर पिणाऱ्या. त्यांनी तागडी हातात धरली आणि दुकान चालवलं. तुझ्या आजोबांनी एकदा चाचरत विषय काढला होता, तर म्हणाल्या, "मी काय मेले का मग? राहिलेच की." झालं. पुढं कोण बोलणार.

माझ्या मनात एक स्थळ होतं. गल्लीच्या तोंडाशी भांड्याचं दुकान होतं ना, त्या घरातली बाई आपल्यातलीच, माहेर नेकनूरचं. तिच्या भावाचं नेकनूरला कापडाचं दुकान. बायको गेलेली, सहा वर्षांची पोरगी. ती बाई माझ्यापाशी वर्षभर घोळ घालत होती. "वैनी, एकदा बोला की वं तुमच्या सासूबाईशी." मी म्हणायची, बोलते, बोलते. बोलत नव्हते.

आणि मग ती सिरीयल आली.

तुझे चुलत आजोबा, माझे धाकटे दीर, तेव्हा पुण्याजवळ एका कोरियन कंपनीच्या कारखान्यात लागले होते. त्यांनीच तिथला रंगीत टीव्ही आणून दिला. फोनवर रोज सांगायचे, "वहिनी, आमचा कोरियन साहेब म्हणतो, ही सिरीयल लागली की त्यांच्याकडं रस्त्यावर माणूस दिसत न्हाई. पोलीस बी घरात बसून बघत्यात. आपल्याकडं हिंदीत येणार हाय, सरकारी चॅनलवर, रविवारी दुपारी. बघाच." पेपरात बी आलं. दोन महिने नुसती जाहिरात. इतकी हवा झाली की शेजारच्या काकू पहिल्या रविवारी डोक्यावरून न्हाऊन आल्या.

गोष्ट एका विधवेची. कापड रंगवणारी. नावं कुणाला घेता यायची नाहीत, म्हणून आम्ही आमचीच ठेवली. ती रंगारीण. तिच्यावर जीव लावणारा एक मिठाचा व्यापारी होता, तो मीठवाला. आणि चाळणीसारखी काळी टोपी घालून सगळ्यांचं वाटोळं करणारा दरबारातला माणूस, तो चाळणी. आत्याबाईंना आधी हसू आलं, मग त्या गुंतल्या. ती माणसं आपल्यासारखी मांडी घालून जेवायची, सुना वाकून नमस्कार करायच्या. आणि मीठवाला तर त्यांना फारच आवडला. एका भागात त्यानं गिऱ्हाइकाला मापात मूठभर जास्त मीठ घातलं. आत्याबाई म्हणाल्या, "दुकानदाराच्या घरचा हाय. आपल्यातलाच समज."

तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. दर रविवारी मी आत्याबाईंच्या शेजारी बसायची आणि हळूच टाचणी टोचायची. "कसं काढावं बाईनं एकटीनं." "मीठवाला नसता तर काय केलं असतं हिनं." वन्सं मागं दाराला टेकून बघायच्या, त्यांच्याकडं बघायचं मी टाळायची. असे कितीतरी रविवार गेले. एकदा रंगारीण तापानं फणफणली होती, पाणी द्यायला कुणी नाही, आणि आत्याबाई आपणहून बोलल्या, "करावं तिनं लगीन. कुणासाठी राहायचं?"

मी ते वाक्य पदराच्या गाठीत बांधलं.

आता शेवटाचं कसं, ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं. सुरुवातीच्या गाण्यात रंगारीण सगळीकडं पांढऱ्यात, आणि गाणं संपता संपता हिरव्यागार रेशमात, डोक्यावर सोन्याचं काहीतरी, अंगावर फुलं पडतायत आणि ती एका मोठ्या दाराचा उंबरा ओलांडतेय. तूच सांग, आमच्या बायांनी याचा अर्थ काय लावायचा? पांढऱ्यातली बाई हिरव्यात आली. काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ह्ये लगीन हाय. शेवटाला लगीन हाय." कुणी शंकासुद्धा काढली नाही. हिरवं म्हणजे लग्न, हे आमच्याकडं शाळेत शिकवावं लागत नाही.

शेवटच्या भागाची जाहिरात लागली आणि मी हिशेब मांडला. रविवारी लग्न बघून आत्याबाईंचं मन ओलं होईल. सोमवारी पाहुणे यावेत. सोमवार मी मुद्दाम धरला. महादेवाच्या वारी आत्याबाई दारात आलेल्याला माघारी पाठवत नव्हत्या, मग ती बोहारीण असो की इन्कम टॅक्सवाला. बाजारच्या दिवशी भांड्याच्या दुकानातली बाई आली, मी तिला सांगून टाकलं, "सोमवारी भावाला घेऊन या."

"सासूबाईंनी हो म्हणलं?"

"म्हणल्यासारखंच हाय."

असं बोलून बसले बघ. आत्याबाईंना विचारलं नाही. वन्संना तर त्याहून नाही. त्यांना एवढंच म्हटलं, "सोमवारी ती निळी साडी नेसा." त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं, म्हणाल्या, "कावून?" मी म्हटलं, "असंच."

रविवार उजाडला तो लोडशेडिंग घेऊन. त्या आठवड्यात वीज दुपारी जायची आणि दिवे लागायच्या वेळेला यायची. तुझ्या आजोबांनी दुकानातला इन्व्हर्टर उचलून घरात आणला. बॅटरी किती चालेल ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पंखा बंद, दिवा बंद. खोलीत पंधरा बाया, घामानं निथळतायत, दारं लावलेली. काकूंनी सोबत कुंकवाचा करंडा आणला होता. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाल्या, "आता लगीन लागंल, तर रिकाम्या हातानं बघू का?"

मला हसू येत नव्हतं. माझा डोळा पडद्यावर कमी आणि आत्याबाईंच्या तोंडावर जास्त. चाळणीला बेड्या पडल्या. बाया सुखावल्या. मीठवाल्यानं बंदरावर होडी थांबवून ठेवली, माणसं पाठवली, म्हणाला, ती आल्याशिवाय होडी हलणार नाही. "पोरगं चांगलं हाय," कुणीतरी म्हणालं. मग तो हिरवा झगा आला. चार बायांनी तो तिच्या अंगावर चढवला, डोक्यावर ते सोन्याचं ठेवलं. काकूंनी करंड्याचं झाकण काढलं. टीव्हीचा उजेड तेवढ्यात जरा बारीक झाला. तुझे आजोबा दार किलकिलं करून म्हणाले, "दहा मिनिटं चालंल." कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

ती दारातून आत गेली. फुलं पडली. समोर राजा बसलेला. तिनं वाकून नमस्कार केला, राजानं तिच्या हातात एक शिक्का दिला, आणि कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं की आजपासून दरबारच्या सगळ्या कापडरंगाईची ही प्रमुख. तो हिरवा झगा त्या कामाचा होता. लग्नाचा नव्हता. बंदरावर मीठवाल्यानं एकदा वाटेकडं पाहिलं आणि होडी सोडली. रंगारणीनं भिंतीवरून होडीकडं पाहिलं, वळली, आणि रंगाच्या हंड्यात हात घातला. नावं वर सरकायला लागली.



"पुढचा भाग कवा हाय?" काकूंनी विचारलं.

"संपली," मी म्हटलं.

"असं कसं संपली? त्यो होडीत, ही हंड्यात. ह्याला संपणं म्हणत्यात?"

"एवढ्या रविवारच्या माज्या दुपारच्या झोपी गेल्या," दुसरी म्हणाली. "ह्यासाठी त्यांच्यात रस्ते मोकळे पडत व्हते व्हय? पोलिसांना दुसरं काम नसंल."

"तुमच्या दिराला फोन लावा. म्हणावं, साहेबाला इचार, लगीन कुठं ठिवलंय."

बाया हसायला लागल्या. मी पण हसले असते. पण आत्याबाई पडद्याकडं बघत होत्या, टीव्ही काळा झाला तरी, आणि म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं."

 इतके रविवार मी समजत होते की आत्याबाई रंगारणीत आपली लेक बघतायत. त्या स्वतःला बघत होत्या. त्यांना कुणी शिक्का दिला नव्हता, कुणी फुलं टाकली नव्हती, फक्त तागडी होती. आज कुणीतरी त्यांच्या त्या सगळ्या वर्षांवर हिरवा झगा घातला होता. त्या आता वन्संच्या लग्नाला हो म्हणणार नव्हत्या. उलट आता त्यांना दाखला मिळाला होता.

बाया गेल्याबरोबर मी चप्पल घालून भांड्याच्या दुकानात. तिथं तिचा नवरा एकटा. "ती दुपारच्या गाडीनं नेकनूरला गेली. भावाला घेऊन उद्या सकाळी येतीया. लई खूश व्हती." मी नेकनूरच्या दुकानाचा नंबर घेतला, एसटीडीवरून चारदा लावला. नुसती रिंग. रविवारचं दुकान बंद. घरी आले, तुझ्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "टीव्हीवर भरवसा ठेवून पाव्हणे बोलवलेस? आता तूच सांग आईला. मी दुकानात हाय." दुकानात म्हणजे पोत्यांच्या मागं.

त्या संध्याकाळी मी तीनदा आत्याबाईंपाशी गेले आणि तीनदा पाण्याचा तांब्या ठेवून परत आले.

सोमवारी सकाळी त्या लिंगपूजेला बसल्या. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. त्या वेळी घराला आग लागली तरी कुणी हाक मारायची नाही. मी उंबऱ्यात बसून वाट बघत होते. पाव्हणे ज्या गाडीनं येणार, ती बीडची गाडी चौकात थांबल्याचा आवाज आला. त्यांनी लिंग करडगीत, म्हणजे त्याच्या चांदीच्या डबीत, ठेवलं, गळ्यात घातलं, आणि मी एका दमात सांगून टाकलं. स्थळ, नेकनूर, सोमवार, सगळं.

"तू कुणाला इचारून बोलवलंस?" आवाज अजिबात चढला नाही. त्यानं मला जास्त भीती वाटली.

"आत्याबाई, तुमीच म्हणालाव, करावं तिनं लगीन म्हणून."

"मी टीव्हीतल्या बाईला म्हणले."

तेवढ्यात दारात भांडेवाली बाई उभी, तिच्या मागं तो. हातात पेढ्याचा पुडा, शर्टाची घडी नुकतीच मोडलेली, मान खाली. आत्याबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "या, बसा." सोमवार होता म्हणून. एवढंच. त्यांच्या तोंडावरची एक रेष हलली नव्हती. मी चहा ठेवायला आत आले तर वन्सं चुलीपाशी उभ्या, निळी साडी नेसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

बाहेर बोलणं सुरू झालं. आत्याबाई ठेवणीतलं बोलत होत्या, पाऊसपाणी, कापडाचा धंदा. मग स्पष्टच म्हणाल्या, "हे बघा, आमच्या सुनंनं घाई केली. आमच्या घरात असं झालेलं न्हाई. मी राहिले, तशी तीबी राहील. चहा घ्या."

भांडेवाली बाई माझ्याकडं बघायला लागली. मी कपबशा घेऊन मधेच थिजलेली. तो माणूस उठायला लागला. आणि माझ्या मागून वन्सं बोलल्या. तीन वर्षांत बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसमोर त्या बोलल्या नव्हत्या.

"आई, ती बाई राजवाड्यात गेली. मला कुठला राजवाडा हाय?"

आत्याबाई म्हणाल्या, "आत जा."

"तुमच्यापाशी चार लेकरं व्हती, दुकान व्हतं. माझ्यापाशी मशीन हाय, अन् हळदीकुंकवाला ते बी बंद करावं लागतं." त्यांनी पाव्हण्याकडं मान वळवली. "ह्यांच्या पोरीचे फ्रॉक मीच शिवते. आत्या तिची, जुना फ्रॉक आणून देतीया मापाला. पोरगी मी बघितलेली न्हाई. दर खेपेला माप दोन बोटं वाढतं. ती कशी वाढती ते मला बघायचंय. वहिनींनी मला इचारलं न्हाई, तुमी बी इचारलं न्हाई. म्हणून मीच सांगते. मला नेकनूरला जायचंय."

फ्रॉकचं मला काही माहीत नव्हतं बघ. भांडेवाली कापड देते, वन्सं शिवतात, एवढंच मी धरून होते. ते कुणासाठी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

खोलीत नुसता दुकानातला तागडीचा आवाज येत होता. तुझे आजोबा पोत्यामागं काहीतरी उगीचच जोखत असणार. आत्याबाई लेकीकडं बघत राहिल्या.  चहावर साय धरली. मला वाटलं आता त्या उठून आत जातील आणि दार लावतील. त्यांनी तसं आयुष्यात दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा तो विषय घरातून कायमचा गेला होता.

मग त्या पाव्हण्याकडं वळल्या.

"पोरीला कावून न्हाई आणलं?"

तो गडबडला. "शाळा हाय तिची आज."

"पहिलीची शाळा. एक दिवस बुडली तर काय होतंय." त्यांनी पेढ्याचा पुडा स्वतःकडं ओढला, दोरी सोडायला लागल्या. "पुढच्या सोमवारी घेऊन या. जेवायलाच या."

भांडेवाली रडायला लागली. वन्सं आत निघून गेल्या आणि थोड्या वेळानं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मी तशीच कपबशा धरून उभी. आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चहा दुसरा ठिव. गार झालाय त्यो."

त्यानंतर त्या माझ्याशी दोन महिने धड बोलल्या नाहीत. लग्न देवळात झालं, चार माणसांत, त्याच्या सगळ्या तयारीत मला निरोप यायचा तो तुझ्या आजोबांकरवी. मी तक्रार केली नाही. माझं चुकलंच होतं. एका जित्या बाईचं आयुष्य मी एका परदेशी झग्यावर लावलं होतं, आणि तो झगा कशाचा ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

वर्षभरानं ती सिरीयल परत दाखवली. गावात कुणी बघितली नाही, काकूंनी तर शपथ घातली होती. पण शेवटच्या भागाच्या रविवारी मी दुकानातून आत आले तर आत्याबाई एकट्या टीव्हीपुढं बसलेल्या. मी म्हटलं, "परत कशाला? शेवट तर ठावा हाय."

"मला पटलाय त्यो शेवट," म्हणाल्या. "तू जा, गिऱ्हाईक हाय."

मला तो शेवट अजून पटलेला नाही. मीठवाल्याला एक शब्द तरी सांगून जायचं होतं तिनं. एवढे भाग आम्हाला बसवून ठेवलं आणि मग बंदरावर सोडून दिलं, ही काय रीत झाली. पण आत्याबाई जाऊन आता इतकी वर्षं झाली, आणि त्या दुपारी त्यांच्याजवळ बसून तो शेवट त्यांच्या डोळ्यांनी एकदा बघायला पाहिजे होता, असं वाटतं. गिऱ्हाईक काय, थांबलं असतं.

तर असं आहे बाई. बारावीचं वर्ष आहे, अभ्यास कर, पण पेपर संपले की पुण्यात थांबू नकोस. बीडला उतरलीस की आधी नेकनूरची गाडी धर, आत्याआजीचे गुडघे दुखतात, ती एकटी येत नाही, तिला सोबत घे आणि दोघी इकडं या. लवकर ये गं. मी वाट बघते.